कृषीचा दर्जा आणि खळ्यावरचे कष्ट

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आणि मच्छीमारांना कर्ज, वीजदर, विमा या बाबतींत शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळण्याची वाट मोकळी झाली. मात्र या सवलती घरातील कोणाच्या नावावर जमा होणार, हा प्रश्न मालाडच्या पश्चिमेला असलेल्या मढच्या कोळीवाड्यात महत्त्वाचा ठरतो.

मढला डोलीची मासेमारी चालते. डोल हे प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे असून भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. पुनव-अवसेच्या उधाणाला ओढ जोराची असल्याने म्हावरे अधिक लागते, अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाला, म्हणजे मंद भरतीला, कमी लागते. त्यामुळे बोटीवरच्या पुरुषांइतकाच किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्रियांचा दिवसही तिथीवर ठरतो.

डोलीत येणाऱ्या बोंबलात पाण्याचा अंश फार असल्याने तो लवकर नासतो आणि ताजा न खपलेला माल वेळ न दवडता वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून आडवे दोर ताणलेल्या मांडणीवर, चढवावा लागतो. स्त्रिया दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकतात. जवळा मात्र खळ्यावर, म्हणजे सुकवणीच्या मोकळ्या जागेवर, पसरून वरचेवर हलवतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्याला लागल्या, की साठवलेली हीच सुकी मासळी विकून घरात रोख पैसा येतो.

असे असूनही डिझेलवरील कराचा परतावा बोटीला मिळतो आणि वादळानंतरची भरपाई मुख्यतः बोट व जाळ्यांच्या नुकसानीवर मोजली जाते. अवकाळी पावसात भिजून वाया गेलेल्या सुकवणीला या हिशेबात सहसा जागा नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमातून जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले होते, कारण राबणारीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. समुद्राला सातबारा नाही, पण खळ्याला जागा लागते. कोळीवाड्यांच्या सीमांकनात खळ्यांची नोंद, विम्यात सुकवणीच्या मालाचा समावेश आणि कर्जासाठी स्त्रीची स्वतंत्र पात्रता, या तीन गोष्टी झाल्या, तरच कृषीचा दर्जा बोटीच्या मालकापुरता न राहता संपूर्ण कुटुंबाच्या उपयोगी पडेल.