मनाची शुश्रूषा

पनवेल तालुक्यातील कोपर, कोल्ही, चिंचपाडा इत्यादी दहा गावे विमानतळासाठी उठली. मोबदला म्हणून भूखंड मिळाले. पण मुलांच्या खेळाचे अंगण कोणत्या मोजणीत धरावयाचे? अशा गावचे एखादे मूल नव्या शाळेत मुकाट बसून राहिले, तर त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याच्यापाशी बसून त्याचे ऐकून घेणे कठीण. शाळेतील समुपदेशकाचे काम ते हेच.

नावात उपदेश असला, तरी समुपदेशक आधी ऐकतो. मुलाचे गुपित तो चारचौघांत बोलत नाही. जिवाला धोका दिसला, तर मात्र घरच्यांना सांगणे तो आपले कर्तव्य मानतो. त्याच्याकडे जाणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, हे अनुचित होय. तापाने फणफणलेला मुलगा दवाखान्यात गेला, तर त्याला कोणी हसते काय?

खानदेशातील अमळनेरच्या छात्रालयात, १९३० पूर्वी, साने गुरुजी मुलांची अंथरुणे आवरीत, आजाऱ्यांची सेवा करीत. परंतु प्रत्येक शाळेला साने गुरुजी कोठून लाभणार? म्हणून त्या कामाचे शिक्षण घेतलेला माणूस नेमावा लागतो. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी असा समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. जेथे तो अद्याप आलेला नाही, तेथील मुलांनाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून मन मोकळे करता येते. पलीकडचा माणूस मराठीतही बोलतो.