कॅज्युअल्टीतून : वीस मिनिटं

लावणी सुरू झाली की रात्री-बेरात्री आवारात जीप शिरते आणि कुणीतरी ओरडतं, “डॉक्टर, पान लागलंय!” सापाचं नाव घ्यायचं नाही, अजूनही. पुढचं वाक्य ठरलेलं: “आधी लस टोचा.”

हिरड्यांतून रक्त येत असेल, पापण्या मिटत असतील, तर मीही थांबत नाही. एरवी आधी काचेची नळी मागतो.

कोरडी, स्वच्छ नळी. त्यात शिरेतलं २ मिली रक्त. २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. गोठलेलं रक्त जागचं हलत नाही. पातळच वाहिलं, तर आपल्याकडे घोणस किंवा फुरसं धरून चालायचं आणि लस सुरू करायची. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली, तर धडधाकट माणसाचंही रक्त गोठत नाही. आमच्या सिस्टरनी नव्या नळ्यांचा डबा वेगळा ठेवलाय. त्याला हात लावला की मलाही बोलणी बसतात.

लस देऊनच टाकली तर? ती घोड्याच्या रक्तातून बनते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, कधी रक्तदाब कोसळतो. धामणीच्या चाव्यासाठी हे कशाला? कातडीत थेंब टोचून ‘टेस्ट’ करण्याची जुनी सवयही सोडावी. रिअ‍ॅक्शन येणार की नाही, ते तिच्यावरून कळत नाही. त्यापेक्षा अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवावं.

डोसचा हिशेब साधा आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, एक कुपी त्यातलं ६ मिलिग्रॅम मारते. म्हणून सुरुवातीला दहाएक कुप्या, आणि पोरालाही तेवढ्याच. साप काही वजन बघून चावत नाही.

पुढची नळी सहा तासांनी. गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोनच तासांत नळी लावली, रक्त पातळ बघून घाबरलो आणि आणखी कुप्या रिचवल्या. पेशंट वाचला, कुप्या वाया गेल्या.

मण्यारीपुढे मात्र नळी मुकी. चाव्याची खूण दिसत नाही, रक्त छान गोठतं. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. तिथे डोळ्यांकडेच बघत राहावं लागतं.

हे सगळं २००९ च्या राष्ट्रीय नियमावलीत आहे. तरी रेफरच्या चिठ्ठीवर “सर्पदंश, लस दिली” एवढंच असतं. नळी किती वाजता लावली, रक्त गोठलं का, काही नाही. माझं चाललं तर त्या दोन ओळींशिवाय अँब्युलन्स सोडू देणार नाही.

परवा रात्री अठराव्या मिनिटाला पेशंटच्या काकांना राहवलं नाही. नळी उचलून दिव्यासमोर धरली, हलवली. “गोठतंय का बघत होतो.” सिस्टरनी काही न बोलता नवी नळी काढली.