बांधावरचा उडीद आणि भाताचे मित्रकीटक

ज्वारीच्या ओळींमध्ये तूर घेता येते. परंतु चिखलणी करून पाणी साठवलेल्या भातखाचरात आंतरपिकाला जागा नसते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमच्या परिसरात, पीकविविधतेसाठी उरतो तो केवळ बांध. दुर्दैवाने त्याकडे आजही पायवाट म्हणूनच पाहिले जाते.

वस्तुतः तेथील शेतकऱ्याला उडीद नवा नाही. सांबा भाताची कापणी होण्यापूर्वी उभ्या पिकातच उडीद फोकून पेरण्याची पद्धत तेथे रूढ आहे. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे १९२२ पासून भातावर संशोधन होत असून, भातानंतरच्या कडधान्यांचे वाणही तेथे विकसित झाले आहेत. मात्र हा उडीद फुलतो तेव्हा भात घरी गेलेला असतो. तोच उडीद किंवा चवळी लावणीच्या वेळी बांधावर पेरल्यास भात शेतात असतानाच फुलोरा मिळतो.

या फुलोऱ्याचे मोल मोठे आहे. तपकिरी तुडतुड्यांच्या अंड्यांवर उपजीविका करणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी कीटकांच्या प्रौढांना मकरंद लागतो. भाताच्या एकसुरी शेतात तो मिळत नाही. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममधील चार वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भाताभोवती मकरंद देणारी फुलझाडे लावल्याने कीटकनाशकांच्या फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या आणि उत्पादन ५ टक्क्यांनी वाढले.

तथापि बांधावर बी टाकले की किडी हटल्या, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खोडकिड्याची अळी खोडात दडलेली असते. तुडतुड्यांबाबतचा अनुभव तिला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय लावणीनंतरच्या पहिल्या ४० दिवसांत, पाने खाणारी अळी दिसताच फवारणी केली, तर कोळी, मिरिड ढेकूण आणि परोपजीवी कीटक प्रथम मरतात. त्या अवस्थेत भात पानांची हानी बऱ्याच अंशी स्वतः भरून काढतो. मित्रकीटकांची हानी मात्र लवकर भरून निघत नाही. बांधावरच्या उडदावर केलेली फवारणीही हाच घात करते.

म्हणूनच बांधावरील पिकाची शिफारस आणि फवारणीचे वेळापत्रक ही दोन स्वतंत्र पत्रके असू नयेत. पूर्व विदर्भात भाताच्या धुऱ्यावर तूर घेणाऱ्या शेतकऱ्यालाही हा विचार परका वाटणार नाही. बांधावरील पिकाचे मोजमाप केवळ मिळालेल्या शेंगांवरून न करता टळलेल्या फवारण्यांवरूनही व्हायला हवे.