बदकाला कसला आलाय डॉक्टर?

हा प्रश्न मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता तो प्रश्न वाटतच नाही. विचारणारे मात्र सगळे एका छापाचे नसतात. काही जण नुसते हसतात. काही जण हिशोब मांडतात: पिल्लू केवढ्याचं, एक्स-रे केवढ्याचा, रिक्षाचे किती. आणि काही जण तत्त्वज्ञान सांगतात. "अगं, निसर्गाचं चक्र असतं हे. आपण मध्ये पडू नये."

हसणाऱ्यांवर माझा राग नाही. टोपलीत बदक घेऊन रिक्षात बसलेली बाई बघून मलाही हसू आलं असतं. हिशोबवाल्यांशी निदान बोलता तरी येतं. पण हे निसर्गवाले! आजचं भांडण त्यांच्याशी आहे.

आमची ठकी खाकी कॅम्पबेल जातीची. नावावरून कळेलच की ही जात कुठल्या जंगलात सापडलेली नाही. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या यूली गावच्या अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. त्यासाठी इंडियन रनर, रूआँ आणि मॅलार्ड या बदकांचा संकर केला. (इंडियन रनर आपल्याकडचं नव्हेच, ते आग्नेय आशियातलं. साहेबाला पूर्वेकडचं सगळंच इंडियन.) हेतू एकच, अंडी. आणि तो साधला. चांगली खाकी कॅम्पबेल मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते.

मॅलार्ड म्हणजे आपल्या बहुतेक पाळीव बदकांचा मूळपुरुष. त्याची रानातली मादी काय करते? वर्षातून एकदा घरटं करते, साधारण आठ ते तेरा अंडी घालते, उबवते, पिल्लं वाढवते, की झालं. घरटं मोडलं तर फार तर परत एकदा घालते.

तेरा आणि तीनशे. मंडळी, या दोन आकड्यांच्या मध्ये निसर्ग कुठेच नाही. मध्ये आपण आहोत. ठकीचं वजन दोन किलोच्या आतबाहेर. तिचं एक अंडं पासष्ट ग्रॅमचं धरलं तर तीनशे अंड्यांचे साडेएकोणीस किलो होतात. म्हणजे वर्षभरात स्वतःच्या जवळपास दहापट वजन ती शरीरातून काढून आपल्या ताटात ठेवते. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. खाद्यातून तेवढं कॅल्शियम मिळालं नाही तर ते हाडांतून उपसलं जातं. आणि अंडं बाहेर ढकलायला स्नायू आकुंचन पावावे लागतात, त्यालाही कॅल्शियमच लागतं. ते कमी पडलं की कवच मऊ होतं, स्नायू थकतात आणि अंडं आत अडकतं. कधी अंडनलिकेला सूज येते, तर कधी पिवळा बलक वाट चुकून पोटातच पडतो आणि तिथे सडतो.

यात निसर्गाचं चक्र नेमकं कुठलं, ते मला कुणी दाखवून द्यावं.

ठकीचं पहिल्यांदा अडकलं ते मार्चमध्ये. सकाळी खुराड्यातून बाहेर आली नाही. मी उचलून ठेवली तर पाय फाकवून, पेंग्विनसारखी उभी राहिली. शेपटी खाली, आणि प्रत्येक श्वासाला ती शेपटी वर-खाली होत होती. आवाज बंद. बदक पाळलेल्या माणसाला सांगायला नको, बदकाचा आवाज बंद होणं म्हणजे काय ते. जवळच्या दवाखान्यात फोन केला, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "ताई, कशाला त्रास घेता? कापून टाका, नवीन आणा." शेजारच्या काकूंनी त्याहून भारी सल्ला दिला. दाबून आतच फोडायचं म्हणे, आपोआप बाहेर पडतं!

हे मात्र कुणीही, कधीही करू नका. आत फुटलेल्या कवचाच्या धारेने अंडनलिका फाटते, जंतुसंसर्ग होतो आणि पक्षी हालहाल होऊन मरतो. तातडीने करायचं ते एवढंच: टबात कोमट पाणी घेऊन तिला त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, मग कोरडं करून उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवायचं आणि पक्ष्यांमधलं कळणारा डॉक्टर गाठायचा. कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं ते त्याने ठरवायचं. कवच धरलेलं अंडं एक्स-रेमध्ये दिसतं, मऊ कवचाचं चटकन दिसत नाही. औषधं चालू असताना तिची अंडी खायची नाहीत, हेही सांगून ठेवते, कारण तो प्रश्न येतोच. (आणि कसा येतो! बदक तडफडत असतं आणि मागून कुणीतरी विचारतं, "मग आता अंडी चालतील का?")

तसा डॉक्टर आम्हाला तिसऱ्या फोनला मिळाला, दीड तासाच्या अंतरावर. कॅल्शियमचं इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी अंडं पडलं. खरखरीत, वाकडं, एका बाजूने दबलेलं.

पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. कोंबड्या-बदकांचं वैद्यकशास्त्र कळपाचं आहे. एक दुबळी निघाली तर काढून टाकायची, मेली तर चिरून बघायची आणि उरलेल्या वाचवायच्या. ज्याचं पोट दोनशे बदकांवर चालतं त्याला मी एक्स-रे काढ म्हणणार नाही. तो सल्ला त्याच्यासाठी बरोबर असेल. पण घरात नाव ठेवून पाळलेल्या एका बदकाला कळपाचा नियम लावायचा, हे कुठलं शास्त्र? कुत्रं आजारी पडलं तर कुणी म्हणतं का, नवीन आणा?

आणि ही चैन आहे असंही नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या हिताची वाजवी काळजी घ्यावी, त्याला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत, हे कलम 3 मध्ये कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तिथे बदक वगळलेलं नाही. आता त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठेवला? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे हिशोबवाले तिथेही पोचलेले होतेच.

आपल्या गोष्टीसुद्धा बघा ना. गदिमांच्या गाण्यातलं ते वेडं पिल्लू शेवटी राजहंस निघतं म्हणून आपण सुस्कारा सोडतो. बदकच निघालं असतं तर? सोन्याचं अंडं देणाऱ्या कोंबडीची गोष्ट सांगून आपण मुलांना काय शिकवतो? की मालकाने घाई केली, थांबला असता तर आणखी अंडी मिळाली असती. कोंबडीला काय झालं, हे विचारणारं पोर मला अजून भेटलेलं नाही.

असो. आता प्रयत्न असा आहे की ठकीने कमी अंडी घालावीत. पोल्ट्रीवाले बल्ब लावून दिवस सोळा तासांचा करतात, कारण उजेड वाढला की अंडी वाढतात. आम्ही उलट करतो, पाच वाजले की ती अंधाऱ्या खुराड्यात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात, हवा तेव्हा तिने खावा, नराच्या खाद्यात तो मिसळायचा नाही. कोंबडीचं खाद्य नुसतं चालत नाही, बदकाला नायसिन जास्त लागतं. घातलेली अंडी लगेच उचलत नाही, साठली की तिला बसावंसं वाटतं आणि घालणं थांबतं. परदेशात डेस्लोरेलिन नावाच्या हार्मोनचं रोपण करून अंडी काही महिने बंद ठेवतात, त्याबद्दल आमच्या डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

काकू परवा कुंपणावरून म्हणाल्या, "म्हणजे पाळायचं बदक, आणि अंडी नकोत?"

हो काकू. तीनशे नकोत. तिने तेरा घातली तरी पुष्कळ आहेत, आणि नाही घातली तरी तिचं खाणं बंद होणार नाही. फेब्रुवारी आला की दिवस मोठे व्हायला लागतील. टब घासून ठेवलाय.