पैसा सरकारचा, पण हुकूम कोणाचा?

नागापूरच्या एमआयडीसीत बापाने रात्रपाळी करायची आणि त्यातून पोराचा खुराक चालवायचा, ही घरं आम्ही रोज पाहतो. २०२५ ला महाराष्ट्र केसरी आपल्याच शहरात झाली, तेव्हापासून तालमीत जाणारी पोरं वाढली. मग कुणीतरी कानात सांगतो, "एक इंजेक्शन घे, लवकर अंग भरेल." पुढे चाचणीत पोरगा सापडतो. देणारा मोकळाच राहतो.

२०२४ मध्ये नाडाने ७,११३ नमुने तपासले, त्यांतल्या २६० मध्ये प्रतिबंधित द्रव्य आढळले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक आहे.

काही मित्र म्हणतात, सरकारी पैसा आला की तपासाचं स्वातंत्र्य गेलं. आम्हाला हे पटत नाही. सरकार बाजूला राहिलं तर काय होतं, ते क्रिकेटने दाखवलं. जुलै २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर कारवाई झाली, तेव्हा चाचणी क्रिकेट बोर्डाची, निकाल बोर्डाचा आणि आठ महिन्यांची बंदीही बोर्डाचीच, तीसुद्धा मागच्या तारखेपासून! ज्याचा खेळाडू, त्याचाच न्याय. त्यानंतरच, ऑगस्टमध्ये, बोर्ड नाडाखाली आलं.

पण सरकारने मालक व्हावं, हेही आम्हाला मान्य नाही. २०२२ च्या कायद्याने नाडावर सरकारनियुक्त मंडळ बसवलं. जागतिक संस्था वाडाने हरकत घेतली, म्हणून २०२५ मध्ये दुरुस्ती करावी लागली. तरी अपील पॅनल नेमण्याचा अधिकार केंद्राकडेच गेला.

मित्रांनो, याचं उत्तर संविधानात आहे. महालेखापाल सरकारचाच हिशेब तपासतो. त्याच्या कार्यालयाचा खर्च संचित निधीवर भारित आहे, म्हणजे त्यावर मतदान होत नाही. त्याला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच पद्धत लागते. बाबासाहेबांनी संविधान सभेत या पदाला बहुधा सर्वांत महत्त्वाचं पद म्हटलं, ते उगाच नाही. पैसा जनतेचा, पण हुकूम कोणाचाच नाही.

नाडालाही हेच हवं : हक्काचा निधी, महासंचालकाला मुदतीची हमी, सरकारबाहेरून नेमलेलं अपील पॅनल आणि इंजेक्शन पुरवणाऱ्यापर्यंत जाणारा तपास.

नाहीतर बंदी गरिबाच्या पोरावर आणि नफा दुसऱ्याच्या खिशात, हेच चालू राहील. तालमीतल्या आपल्या पोरांना हे समजावणं आजपासून आपलं काम आहे.

जय भीम!