पुलकेशीचे पत्र आणि खुस्रूचा शेवट

अजिंठ्याला सहल नेणाऱ्या गुरुजींनी एक क्रमांकाच्या लेण्यात थोडे जास्त थांबावे. तिथल्या एका चित्रात आसनस्थ राजापुढे टोपीवाले, दाढीवाले परदेशी नजराणे घेऊन उभे आहेत. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारी आलेले इराणच्या दुसऱ्या खुस्रूचे वकील ते हेच, असे जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये मांडले. अनेक पुस्तके आजही तेच सांगतात.

हे आता थांबायला हवे. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशके अजिंठ्याला दिली. त्यांच्या मते हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुलकेशी गादीवर आला ६१० च्या सुमारास. चित्रातला राजा बौद्ध कथेतला महासुदर्शन असावा, असे दीटर श्लिंगलॉफ यांचे प्रतिपादन आहे.

चित्र हातचे गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही, कारण पुलकेशी आणि खुस्रू यांचा खरा धागा अल् तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे आणि तो चित्राहून कितीतरी थरारक आहे.

खुस्रू ५९० मध्ये गादीवर बसला आणि सेनापती बहराम चोबीनच्या बंडामुळे लगेच परागंदा झाला. रोमन सम्राट मॉरिसने त्याला आसरा आणि फौज दिली. ६०२ मध्ये मॉरिसचा खून होताच त्याचा सूड घेण्याच्या नावाखाली खुस्रूने रोमनांवर युद्ध पुकारले. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले, पुढे इजिप्तही. ६२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला, पण शहर हाती आले नाही. पुढच्याच वर्षी सम्राट हेराक्लियसने निनेव्हेजवळ इराणी फौजेचा धुव्वा उडवला. पाव शतकाच्या लढाईने दोन्ही साम्राज्ये खिळखिळी झाली.

६२८ मध्ये सरदारांनी खुस्रूला कैद करून त्याचा मुलगा शीरोये याला गादीवर बसवले. मुलाने बापावर आरोप ठेवले. तबरीच्या वृत्तांतात बाप त्यांना उत्तर देताना सांगतो, की आपल्या राज्याच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदच्या राजाचे वकील आले. त्यांनी शीरोयेसाठी हत्ती, तलवार, पांढरा ससाणा आणि जरीचा अंगरखा आणला. सोबतच्या गुप्त पत्रात शीरोयेच राजा होणार असे भाकीत होते. खुस्रूने ते वाचले, पुन्हा मोहोर लावली आणि राणी शिरीनकडे ठेवायला दिले. भाकीत ठाऊक असूनही आपण तुझ्या जिवाला हात लावला नाही, हे त्याचे म्हणणे. काही दिवसांत त्याला ठार मारण्यात आले.

पत्र पाठवणाऱ्या राजाचे नाव तबरीत ‘फरमीशा’सारखे उमटले आहे, तो पुलकेशीच, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना शंका आहे, तीही मुलांना सांगावी. पाठ्यपुस्तकात या प्रसंगाला एक पान मिळाले, तर हर्षाला रोखणारा पुलकेशी आणि कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीपर्यंत फौज धाडणारा खुस्रू एकाच काळात उभे दिसतील. खुस्रूचा नातू तिसरा यज्दगर्द ६३२ मध्ये गादीवर आला. पारशी समाज आपली वर्षे तिथूनच मोजतो, हेही मुलांना त्याच पानावर कळेल.

आणि चित्रातल्या त्या टोप्या? त्या खऱ्याच आहेत. याच लेण्याच्या छतावर इराणी वेशातला एक मद्यपी पुरुष रंगवलेला आहे. पुलकेशीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी असे परदेशी लोक दख्खनच्या चित्रकारांच्या ओळखीचे होते.