मे महिना, आंबे आणि राज्यशास्त्र

मे महिन्यात लोक गुहागरला आंबे खायला जातात. यंदा मी हॉब्ज वाचायला गेले. म्हणजे आंबे खाल्लेच, पण बॅगेत सनस्क्रीनच्या जोडीला नोट्सचा जाडजूड गठ्ठा होता. मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन सहा-सात वर्षं झाली. कॅफे, शूज आणि वीकेंड ट्रिप्सवर लिहून पोट बरं भरतं. तरी मी मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. उन्हाळी सत्राची परीक्षा तोंडावर आली, मुंबईत अभ्यास होईना, म्हणून सरळ मामाचं घर गाठलं.

‘पण राज्यशास्त्रच का?’ हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. एमबीए कर, डिजिटल मार्केटिंग कर, निदान फ्रेंच तरी शीक! माझं उत्तर साधं आहे. कोणता नेता कोणाला काय बोलला, हे मोबाइलमुळे मला पाठ असतं. पण एखादा निर्णय होतो कसा, कुठे आणि कोणाच्या सहीनं, याचा पत्ता नसतो. तुम्हाला असतो?

तर गंमत अशी की, माझा अर्धा सिलॅबस गुहागर तालुक्यातच उभा निघाला. चक्क चिमण्यांसकट. एन्रॉन!

तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, म्हणून थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचा ‘दाभोळ’ वीज प्रकल्प. दाभोळ खरं तर खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प मात्र खाडीच्या अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या परिसरात. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी खरेदी करार. जागतिक बँकेनं १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. तरी गाडी पुढे गेली.

आता माझं पहिलं प्रकरण काय होतं? ‘सामाजिक करार’. हॉब्ज आणि लॉक म्हणतात, माणसं आपापसांत करार करतात आणि त्यातून राज्य उभं राहतं. गोची ही की या करारावर तुम्ही-मी कधीच सही केलेली नसते, पण तो आपल्याला लागू असतो. वीज खरेदी कराराचंही तेच नाही का? सह्या मंडळाच्या आणि कंपनीच्या, भार शेवटी बिल भरणाऱ्यांवर आणि करदात्यांवर. लॉकचा सगळा भर ‘संमती’वर आहे. ती नेमकी कोणाची घेतली, हा प्रश्न मी नोट्सच्या समासात लिहून ठेवला.

करारातली मेख समजायला जिमचं उदाहरण घ्या. वर्षाची मेंबरशिप घेतलीत. गेलात न गेलात, फी ठरलेली. इथे वीज घ्या न घ्या, प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम द्यायचीच. त्यात दर डॉलरला बांधलेला आणि पहिल्या टप्प्याचं इंधन नाफ्था. रुपया घसरला की बिल वर, तेल भडकलं की बिल आणखी वर. अशा जिमला आपण कधी हो म्हटलं असतं?

हे वाचत असतानाच दुपारी लाइट गेली. वाऱ्यानं कुठेतरी तारेवर झावळी पडली होती, बाकी काही नाही. पण तालुक्यात एवढा मोठा वीज प्रकल्प आणि मी हातपंख्यानं वारा घेत संघराज्य वाचतेय... मामा हसून म्हणाला, ‘‘काय गो, प्रॅक्टिकल पण आहे वाटतं परीक्षेत?’’

संघराज्य! मंडळानं पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्यानं हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी. म्हणजे तुमच्या होमलोनला बाबा जामीन आणि बाबांना आजोबा जामीन. ही प्रतिहमी मे १९९६ मध्ये पक्की केली ती वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारनं. बहुमत नसलेल्या सरकारनं एवढा लांबचा निर्णय घ्यावा का? माझ्या मते, दहा मार्कांचा प्रश्न आहे.

पक्षपद्धतीचं प्रकरण तर इथे आयतंच मिळतं. सह्या झाल्या तेव्हा राज्यात काँग्रेस. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली, युतीचं सरकार आलं आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारनं नव्या अटींवर, आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये, विलासराव देशमुखांच्या काळात, माधव गोडबोले समितीनं सगळं तपासलं. त्याच वर्षी मे महिन्यात वीजनिर्मिती बंद पडली. डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉननं अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये गेल आणि एनटीपीसी यांच्या पुढाकारानं रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी आली आणि २००६ मध्ये चाकं पुन्हा फिरली. बघा, एकाच पक्षावर खापर फोडून मोकळं व्हावं म्हटलं तर जमत नाही!

एक प्रकरण वाचताना मात्र गंमत संपली. मॅक्स वेबर म्हणतो, बळाचा अधिकृत वापर फक्त राज्यसंस्थेकडे असतो. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले आणि बायकांना मारहाण झाली, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी नोंदवलं. प्रकल्पाजवळच्या पोलिस बंदोबस्तासाठी कंपनी पैसे देत होती, असं ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ च्या अहवालात म्हटलं. मानवी हक्कांच्या भंगातला सहभाग कंपनीनं नाकारला. पण बळ राज्याचं आणि खर्च कंपनीचा असेल, तर पोलिस उभे कोणासाठी? वेबरकडे याचं उत्तर मला सापडलं नाही.

आमच्या घरातही या विषयावर आजवर एकमत झालेलं नाही. मामा म्हणतो, ‘‘कामं आली, रस्ते आले, पोरांच्या हातात चार पैसे आले. तेही लिही.’’ मामीचं माहेर अंजनवेलकडचं. ती ताटात उकडीचा भात वाढता वाढता म्हणाली, ‘‘आले असतील. पण आधी विचारलंन कोणी?’’ मामा गप्प. मीही गप्प. दोघंही खरं बोलत होते आणि पैसे मिळाले म्हणून मामीचा प्रश्न काही मिटत नव्हता.

राज्यशास्त्र मला इथे भेटलं. कोणाला मत द्यायचं, हे ते सांगत नाही. ते तीन प्रश्न विचारायला शिकवतं. निर्णय कोणी घेतला? विचारलं कोणाला? आणि किंमत कोण मोजतंय? याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या बारसूत एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही मुद्दा हाच होता. आपण मात्र ऑफिसात बसून ‘विकास हवा की नको’ यावर भांडत होतो. तो प्रश्नच चुकीचा होता, असं मला आता वाटतं.

आणि हे फक्त कोकणापुरतं समजू नका हं. तुमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा करार तुम्ही वाचलाय? वीजबिलातला ‘स्थिर आकार’ कशाचा, हे माहितीये? वॉर्डातला रस्ता तिसऱ्यांदा खोदायची परवानगी कोणी दिली? यासाठी एम.ए. करायची गरज नाही. येत्या शनिवारी मॉलमध्ये जाण्याआधी यातला एक कागद काढा आणि शेवटपर्यंत वाचा. सहीच्या जागी कोणाचं नाव आहे, ते आधी बघा.